नुसतं ‘छान’

न्हाय सर, घरात न्हाय नीला. आईकडं गेलीया, गावाकडं — अक्कलकोटच्या पलीकडं हाय की त्यांचं गाव, तितं. काल गेली. काल म्हंजे परवा. तुमी आपलं कॉलेजातनं हितवर आलाव, ह्या सात रस्त्याच्या गर्दीतनं — आता आलाव तर बसा की. दारातनं कसं जाताव? लोक म्हणतील, गुरुबसप्पाच्या दुकानी मराठीचे सर आले नि उभ्या उभ्या परत गेले. त्या गुळाच्या ढेपेला टेकू नका, शर्टाला लागंल. हितं बसा, गादीवर. अगं ए, सर आलेत कॉलेजचे — पाणी आन, नि चहा टाक. — व्हय, मी तिचा मामा. सख्खा. शरणम्मा माजी थोरली भैन, तिची ही लेक. मॅट्रिक झाल्यापासनं शिकायला माज्याकडंच हाय. आपली गाठ पडलीती एकदा, दवाखान्यात, पन तवा तुमचं ध्यान कुटं हुतं नि माजं तरी कुटं हुतं.

परीक्षेच्या फॉर्मचं म्हणताव व्हय? त्याची काळजी करू नका. ती आता कॉलेजात येणार न्हाय — बाहेरून बसणार हाय, बहिःस्थ म्हणतेत न्हवं का, तसं. घरी वाचायचं, परीक्षेला तेवढं जायाचं. तिनंच ठरवलं. न्हाय न्हाय, तुमच्यावर राग न्हाय. राग कशाला असंल? तुमी तर तिच्यासाठी वर्गसुद्दा खाली आणलाव — हे कळलं तवा मी मनातनं हात जोडले तुमाला, खरं सांगतो. वरच्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावर आणायचा म्हंजे सोपं काम हाय का? प्रिन्सिपलला पटवायचं, दुसऱ्या सरांची खोली काढून घ्यायची. ते लई बरं केलाव. त्याला तीसुद्दा न्हाय म्हणत न्हाय. मामा, जिन्याचं काम झालं ते बरं झालं, म्हणली, त्या जिन्यानं माजा जीव खाल्ला हुता. — मग सोडली का? आता ते, सर, तुमी तिलाच इचारा. म्हंजे आली की. गावास्नं आली की.

एक मिनिट हं — काय पायजे, अक्का? शेंगा सोललेल्या का टरफलाच्या? त्या डब्यातल्या घे, त्या नव्या हायत. — बसा सर, तुमी बसा. चहा येतोय.

तुमी इचारताव म्हणून सांगतो, न्हायतर आमच्यात हे कुणाला सांगायचं न्हाय असं ठरलंया. ल्हान हुती तवा तिला ताप आला. कसला, तर साधाच, घसा दुखून आला. मग गुडघे सुजले. गुडघे उतरले तर मनगटं सुजली. आज हितलं दुखतंय, उद्या तितलं, असं हिंडतं दुखणं. गावात कोण डॉक्टर? शरणम्मानं तेल चोळलं, शेक दिला, मठात नेऊन अंगारा लावला — पंधरवड्यात, म्हैन्यात काय की, पोरगी उठून पळायला लागली. सगळ्यांस्नी वाटलं, गेलं. ते कुटलं जातंय? सांध्यातनं गेलं नि काळजात जाऊन बसलं. काळजाला झडपा असतेत म्हणं — दारं असतेत ना, तशी. त्यातलं एक दार आखडलं. आता ते उघडतच न्हाय धड. रगत मागं तुंबतं, फुप्पुसात. सपाट जमिनीवर हळू चालली तर काय न्हाय, बोलली-हसली तर काय न्हाय. चढ आला की श्वास संपतो. आडवी झोपली की गुदमरती, म्हणून भिंतीला उशा लावून बसून झोपती. दर म्हैन्याला कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन — लई दुखतं ते, दोन दिस पाय ओढत चालती. पोरी इचारतेत, काय गं, काय झालं? ही म्हणती, पाय मुरगळला. सारखा सारखा कसा गं तुजा पाय मुरगळतो, म्हणून पोरी हसतेत.

आता तुमी म्हणाल, सांगायचं की मग. कसं सांगायचं, सर? पायाला प्लास्टर असतं तर दिसलं असतं. डोळा आंधळा असता तर काठी दिसली असती. हिचं काय दिसतं? गाल दिसतात. बघितलाव न्हवं तिचे गाल? लालबुंद. जो येतो तो म्हणतो, गुरुबसप्पा, भाचीला काय दूधतूप खायला घालताव, तब्येत काय झालीया. आणि डॉक्टर म्हणले, ती लाली तब्येतीची न्हाय हो, ती आजाराचीच खूण हाय. जितकी लाल तितकी आतनं वाईट. मग सांगा कुणाला सांगायचं नि कुणी ऐकायचं? शाळेत एकदा सांगितलं तिनं, ड्रिलच्या मास्तरला. सर, मला पळाया येत न्हाय, छातीत दुखतं. त्यानं सगळ्या वर्गासमोर नक्कल केली तिची, छातीला हात लावून. तवापासनं तोंड मिटलं ते मिटलंच. आणि वर आईचा धाक — कुणापाशी बोलू नको, उद्या लग्न कोण करील, धाकटीचंसुद्दा अडंल. शरणम्माला तरी काय म्हणायचं? आईच ती.

मग पोरीनं आपल्या आपल्या युगती काढल्या. तुमच्या कॉलेजचा जिना हाय ना, मधल्या वळणावर नोटिशींचा बोर्ड हाय — हाय का न्हाय? ही तितं उभी राहायची. नोटीस वाचती असं दाखवायचं नि श्वास खायचा. रोज. पोरी पुढं जायच्या, तास सुरू व्हायचा, ही आपली त्याच नोटिशी वाचत उभी. शिपाई म्हणायचा, ह्या बाईला कॉलेजची सगळी खबर असती. आणि तुमच्या तासाला उशिरा आली की तुमी काय म्हणत हुता? ‘या, राणीसाहेब.’ — न्हाय न्हाय, ते प्रेमानंच म्हणत हुता, मला ठावं हाय. तिनंच हसत हसत सांगितलंय मला.

रस्त्यात पन तसंच. हितनं कॉलेज कितीसं लांब हाय? पन एका दमात जमत न्हाय. मग घड्याळजीच्या दुकानापुढं थांबायचं, घड्याळं बघायची. पुढं ती पद्मसाळी विणकरांची गल्ली — तितं एक तेलगू म्हातारी दारात बसून मागाच्या कांड्या भरती, चरक्यावर, दिसभर. तिच्या उंबऱ्याला टेकायचं. म्हातारी एकलीच बडबडत असती, तेलगूत. हिला निम्मं कळायचं, निम्मं न्हाय. म्हातारीला वाटलं, पोरगी लई प्रेमळ, माजं ऐकाया थांबती. ही थांबायची श्वासासाठी. पन उभं राहिलं की कान उघडेच असतेत न्हवं? ती म्हातारी रोज सुनंला शिव्या द्यायची — पाणी भरलं न्हाय, तांदूळ निवडले न्हाय. लई दिसांनी नीलाला कळलं, सून मरून वर्ष होऊन गेलंया. त्याचीच गोष्ट केली तिनं. ती कथास्पर्धेची नोटीससुद्दा त्याच बोर्डावर वाचली — थांबावं लागलं नसतं तर दिसलीबी नसती.

तुमाला सांगतो सर, ती गोष्ट पहिली आली त्याच्या आधी काय काय झालं ते तुमाला न्हाय ठावं. पहिल्यांदा तुमाला दाखवली तवा तुमी काय करून दिलाव? सगळा कागद लाल. हितं खोटं वाटतं. असं कुणी बोलतं का. हे कळलं आम्हाला, पुना कशाला सांगतेस. शेवट कापून टाक. घरी आली ती तांब्या आपटला, मामीवर खेकसली, तुमाला कन्नडमधनं जे काय बोलली ते मी तुमाला सांगणार न्हाय. मी म्हणलं, जाऊ दे गं, नको लिहू, जिवाला तरास कशाला? तर माज्याकडं अशी बघितली — म्हणली, मामा, त्यांचं खरं हाय म्हणूनच राग आलाय. आणि बसली पुना लिहायला. चारदा लिहिली. दर वेळेला तुमी लाल करून द्यायचाव, दर वेळेला ही चिडायची. चिडली की भाकरी जास्त खायची, हे मामीनं हेरलेलं. आजारी माणसाला राग यावा, सर. राग आला की ते माणूस आजारी दिसत न्हाय. आणि मग बक्षीस आलं, तर घरी येऊन काय म्हणली? बक्षिसाचं न्हाय काय. म्हणली, सरांनी शेवटच्या पानावर एकसुद्दा खूण केली न्हाय.

घ्या, चहा घ्या. साखर कमी असंल तर सांगा.

मग ते दुष्काळाचं शिबिर. न्हाय, मी तुमाला बोल लावत न्हाय. तुमचं काय चुकलं? सगळा जिल्हा खडी फोडत हुता, जनावरं मरत हुती, आणि कॉलेजची पोरं पुस्तकं घेऊन बसलीती — तुमी त्यांना सांगोल्याकडं तलावाच्या कामावर नेलाव, ते बरोबरच केलाव. शरणम्मा म्हणत हुती, पाठवू नको. ही म्हणली, सगळी जाणार, मी न्हाय गेले तर का न्हाय ते सांगावं लागंल. गेली. तितं काय झालं ते तिनं न्हाय सांगितलं मला, आजपातूर न्हाय. मला मायाक्कानं सांगितलं. मायाक्का म्हंजे त्या कामावरची धनगराची बाई, तुमाला आठवत असंल, अंगावरचं पोर झोळीत ठेवून मुरमाच्या पाट्या वाहत हुती. ती मागनं आलती दवाखान्यात, नीलाला बघायला, तेवढ्यासाठी ट्रकात बसून आली. तिनं सांगितलं, पोरगी बाभळीच्या सावलीला बसलीती, कागदावर कायतरी लिहीत. सर आले. सर म्हणले —

तुमी काय म्हणलाव ते तुमाला आठवत असंल. — मी न्हाय म्हणत सर, बाई जे बोलली ते सांगतो. तुमी म्हणलाव, ह्या बाईकडं बघ. पोर टाकून पाट्या वाहती, पोटात अन्न न्हाय हिच्या. आणि तू — आरशात गाल बघ आपले. सावलीत बसून गरिबांच्या गोष्टी सुचतात का?

ही उठली. चुंबळ केली, पाटी घेतली, बांध चढली. मायाक्का म्हणली, तिसऱ्या-चौथ्या खेपंला मी तिच्याजवळनं गेले तर तिचा श्वास वाजत हुता. मी म्हणलं, पोरी, दे ती पाटी, बस. तर म्हणली, न्हाय, सर बघतेत. दिस मावळस्तोवर वाहिल्या पाट्या. मायाक्का मला म्हणती, अण्णा, तुमची पोरगी तोंडानं सांगंना, पन अंगानं सांगत हुती, आमाला शेरडंसुद्दा अशी दमलेली कळतेत. मग मुक्कामाच्या शाळेच्या वऱ्हांड्यात — ते पुढचं तुमालाच ठावं. खोकल्याबरोबर गुलाबी फेस. आडवी करताव तर गुदमरती. तुमीच बांधकाम खात्याची जीप आणलाव नि सोलापूरपातूर तिला धरून बसलाव, वाटभर. डॉक्टर म्हणले, ह्या सरांनी बसती ठेवली म्हणून पोचली. ते मी इसरणार न्हाय. ते एक न्हाय इसरत नि हे एक न्हाय इसरत, दोन्ही हायत मनात, काय करू?

डॉक्टरांनी मला कानात नळी घालून ऐकवलं. म्हणले, ऐका मामा. मला वाटलं, ठोके ऐकू येतील, टक टक. तर आतनं घरघर — जातं फिरवल्यागत. जड जातं. एवढीशी पोर नि तिच्या छातीत जातं फिरतंय, दिसरात, आणि ती बोर्डापुढं उभी राहून नोटिशी वाचती. मी नळी काढून दिली त्यांच्या हातात.

— काय रे मल्लप्पा? न्हाय, रॉकेल आलं न्हाय. उद्या बघ. — हां, तर सर.

मग ती बरी झाली, म्हंजे उठून बसली, तुमचं कॉलेज सुरू झालं, पाऊस पडला, सगळं झालं. आता सगळ्यांस्नी ठावं झालतं. हितनं खरी गंमत हाय बगा. मी म्हणलं, बरं झालं, आता लपवायला नको. शरणम्मानं रडून घेतलं नि तीबी गप झाली. आणि लोक चांगले वागले, सर, मला म्हणायचं न्हाय की वाईट वागले. पोरी पुस्तकं उचलून घ्यायच्या. बाकावर मोकळी जागा ठेवायच्या. ‘राणीसाहेब’ बंद झालं. उशीर झाला तर तुमी म्हणायचाव, सावकाश ये, बस. ती एक गोळी असती, लघवीची — आता तुमच्यापुढं काय लाजायचं — ती घेतली की सारखं उठाया लागतं, म्हणून पयले कॉलेजच्या दिवशी ती घेतच न्हवती, तसंच पाय सुजवून बसायची. आता उघड घ्यायला लागली, कुणी हसत न्हवतं. हे सगळं बरंच झालं. पन घरी यायची ती गप गप. मी म्हणलं, काय गं? म्हणली, मामा, मी बोलायला लागले की सगळी ऐकत बसतेत. मी म्हणलं, मग चांगलं हाय की. म्हणली, न्हाय रे. मी चुकीचं बोलले तरी ऐकत बसतेत.

मला ते कळलं न्हाय तवा. आता बी पुरतं कळलंया असं न्हाय.

मग नवी गोष्ट लिहिली तिनं. आजारी पोरीची. लई दिस लिहीत हुती. दुपारी दुकानात गिऱ्हाइक नसतं तवा मला वाचून दाखवती ती नेहमी. मला काय कळतंय त्यातलं — आमी घरात कन्नड बोलणारी माणसं, मराठी ते दुकानापुरतं — तर मी आपलं ऐकायचं नि म्हणायचं, चांगली हाय. ती हसायची, तुला काय कळतंय म्हणायची. ही गोष्ट वाचली तवा मला रडू आलं. लपवता आलं न्हाय. मला वाटलं, खूश होईल. तर कागद मिटवला तिनं. साकु, मामा, म्हणली, साकु — पुरे आता. तू मला बघून रडतोयस. गोष्टीला न्हाय रडत.

मग तुमच्याकडं आणून दिली. आणि वाट बघत बसली. रोज म्हणायची, आज देतील सर, लाल करून देतील, मग कळंल कुटं बिघडलंय. काय तरी बिघडलंय, मामा, मला कळतंय पन सापडत न्हाय. तुमी दिलाव परत. घरी आली, चप्पल काढली, हितं उभी राहिली, तुमी बसलाव ना, तितं. कागद माज्यापुढं धरला. एक खूण न्हाय. पयल्या पानापासनं शेवटापातूर स्वच्छ. आणि शेवटी खाली एकच शब्द. ‘छान.’ मी म्हणलं, अगं मग चांगलं झालं. ती म्हणली, मामा, शिबिराच्या दिवशी सरांनी मला माणसात धरलंतं. आळशी माणसात, पन माणसात. आज न्हाय धरलं.

आणि रडली. दवाखान्यात रडली न्हाय, इंजेक्शनला रडत न्हाय, त्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी म्हणली, कॉलेज सोडते. मी लई समजावलं. आत्तासुद्दा तुमी यायच्या आधी मागं जाऊन सांगून आलो तिला, भिंतीला टेकून बसलीया कागद घेऊन, म्हणलं, अगं एकदा जाऊन इचार तरी सरांना —

— काय? न्हाय, मी काय म्हणलो?

बरं. व्हय. हाय घरात. मागच्या खोलीत हाय. गावाला गेली न्हाय. तुमी कोपऱ्यावर दिसलाव तशी मला म्हणली, सर आले तर न्हाय म्हणून सांग. मला खोटं बोलाया येत न्हाय सर, दुकानदार असून. बसा, उठू नका लगेच. आता एवढं बोललो तर एक राहिलेलं सांगून टाकतो, मग तुमी ठरवा.

ऑपरेशन ठरलंया. मुंबईला. दसरा झाला की जायाचं. छाती उघडून आत बोट घालतेत म्हणं, नि ते आखडलेलं दार बोटानं मोकळं करतेत. डॉक्टर म्हणतेत, पुष्कळ माणसं बरी हुतेत. पुष्कळ म्हंजे सगळी का, मी इचारलं. तर ते चष्मा पुसाया लागले. तिला सगळं ठावं हाय, तिच्यापासनं काय लपवलं न्हाय, तिनंच डॉक्टरला खोदून खोदून इचारलं. घाबरलीया का? घाबरलीया की. शरणम्मापुढं न्हाय दाखवत. पन मला परवा म्हणली, हसतच म्हणली, मामा, तितनं उठले न्हाय तर शेवटची गोष्ट म्हणून ही ऱ्हाईल. आणि ही खोटी हाय. मला एक खरी लिहून जायाचंय. दसऱ्यापातूर येळ हाय, पन कुटं चुकलं ते सांगणारं कुणी न्हाय.

म्हणून इचारतो सर. मला अडाण्याला खरं सांगा. ती गोष्ट कशी झालीया?

छान म्हणू नका. ते झालं लिहून. वाचताना तुमाला काय वाटलं ते सांगा. — चहा निवला तुमचा. — सर, माज्याकडं बगा. वाईट झालीया? — लई वाईट?

बरं. बरं झालं, इचारलं ते.

मग उठा. — कसं सांगू म्हणताव? जसं आदी सांगत हुता तसं सांगा. — आत्ता नको, ऑपरेशन झाल्यावर? न्हाय सर. झाल्यावर सांगायचं म्हणून ठेवू नका. तिला राग येऊ दे. दसऱ्यापातूर चिडून लिहू दे. तिला उठाया लावू नका, तेवढं जपा. बोलताना दम लागंल, लागू दे, तुमी थांबा, तिला श्वास खाऊ द्या, नि मग पुढचं सांगा. दया येऊन निम्म्यात सोडून येऊ नका. ती म्हणंल जावा म्हणून, तरी बसा. पडद्याच्या मागं, डाव्या हाताची खोली. चप्पल हितंच ऱ्हाऊ द्या.

— काय? सुरवातच कुटं चुकली म्हणताव, ती पोरगी — न्हाय, न्हाय सर. मला नका सांगू. मला काय कळतंय त्यातलं. आत जावा.